दोन्ही बाजू

वडगावच्या आमच्या गल्लीत दुपारी दोनला
लाईट जाते, माग गप होतात,
तेवढ्यात मी खिडकीत बसतो.
चष्मा नाकावर, कापड गुडघ्यावर,
आणि धागे मोजतो कन्नडमधनं: वंदु, एरडु, मूरु.
भाजीवाल्याशी भांडतो मराठीत, हिशेब लिहितो मराठीत,
पण गवंतीचा टाका शिवलीलाक्कानं शिकवला,
तो तिच्याच भाषेत पडतो.
मराठीत मोजलं की मोराची मान वाकडी होते.

कसुतीत गाठ मारायची नाही.
सुरुवातीला नाही, शेवटाला नाही.
जाताना एकेक घर सोडत जायचं,
येताना सोडलेलं भरत यायचं.
काम धड झालं तर सुलट कुठलं, उलट कुठलं,
करणारीलाही सांगता येऊ नये.

रुतिकानं, बहिणीच्या लेकीनं, हातांचा व्हिडिओ काढला.
'मावशी, हळू. मावशी, तो चहाचा कप काढ की तिथनं.'
वर कुठलंसं धडधडणारं गाणं घातलं
आणि दिलं सोडून.
अकरा हजार लोकांनी बघितलं.

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.
पतसंस्थेत एकतीस वर्षं पासबुकं भरली,
अक्षर बरं आहे असं एकानं म्हटलं नव्हतं.
रात्री पाणी प्यायच्या निमित्तानं उठलो,
फ्रिजला टेकून आकडा बघितला,
पाणी प्यायचं राहिलं.

इचलकरंजीची एक वहिदा,
तिचा रथ तिसऱ्या पायरीवर चुकायचा.
रोज संध्याकाळी फोटो पाठवायची,
मी बोलून पाठवायचो, 'एक धागा मागं ये बाई.'
एकोणिसाव्या दिवशी रथ उभा राहिला.
तिचं तोंड मी बघितलेलं नाही,
नखांवरनं उतरत गेलेली मेंदी तेवढी ओळखीची.

बाकीच्यांनी लिहिलं, 'रेट?'
नमस्कार नाही, चमत्कार नाही. रेट.
व्हिडिओत मी एकदा म्हटलंय, 'असं करतो मी,'
त्यावर पुण्याचे कोण एक:
बाई आहात ना, मग 'करतो' कसं?
आणि मग एकानं गावाचं नाव लिहिलं,
दुसऱ्यानं ते दुरुस्त केलं,
की झालं.
बेळगाव, बेळगावी, दोनशे पंधरा जण,
दोन्ही भाषांतल्या शिव्या
माझ्या मोराच्या पायापाशी.
मोराच्या मानेत एक घर चुकलं होतं.
मी वाट बघत होतो, कोण तरी म्हणेल.

शिवलीलाक्काला फोन दाखवला.
लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला,
मग सवयीनं पालथा केला.
कव्हरात आधारची झेरॉक्स, फुकटच्या बससाठी ठेवलेली.
'इकडं काय नाहीच की,' म्हणाली, कन्नडमधनं,
आणि कापड मागितलं.
बोट फिरवत गेली. मानेपाशी थांबली.
माझ्याकडं बघून हसली तेवढी.

त्यानंतर माझं मलाच दिसायला लागलं:
पांढऱ्यावर राखाडी मी घेईनासा झालोय,
फोनात उठत नाही म्हणून.
शहापूरच्या दुकानात लालच मागतो.
टाका ओढताना हात जरा जास्तच वर जातो,
खोलीत कोणी नसताना.
कप तर आधीच उचललेला असतो.

बंद करून टाकावं म्हटलं.
केलं नाही. वहिदाचा हत्ती अर्धा आहे.

आता अक्काच्या नातवाची कुंची घेतलीय,
पांढऱ्यावर राखाडीच.
तो लाळ गाळणार तिच्यावर, धुऊन धुऊन ती मऊ पडणार.
रुतिका म्हणते, मावशी, चार दिवस काहीच टाकलं नाहीस.
काल टाकलं. पाठीमागच्या बाजूचा फोटो, गाण्याशिवाय.
सात जणांनी बघितला.
वहिदानं विचारलं, 'ताई, ही सुलटच ना?'

उत्तर अजून दिलेलं नाही.
तोंडात धागा होता.